चौकचा पास्कू, टोकाचा गडी

मी आमचं चौक गाव सोडलं त्या सकाळी आय किनाऱ्यापर्यंत आली नाही. अंगणात बसून ती मासळी निवडत राहिली. मी गुडघ्यावर बसून तिचा आशीर्वाद मागितला, तेव्हा तिनं माशाचा हात तसाच माझ्या कपाळाला लावून क्रूस काढला आणि म्हणाली, "जा. ओहोटी लागंल." एवढंच. कपाळावर दोन-चार खवले चिकटले होते. ते मी मुंबई येईपर्यंत पुसले नाहीत.

बा आणि माझा धाकटा भाऊ नताल सुक्या बोंबलांचे भारे घेऊन भाऊच्या धक्क्याला चालले होते. त्याच होडीत भाऱ्यांवर मी बसलो, सतरा वर्षांचा, मामाचा जुना कोट घालून. एका होडीवर दोन भावांचे पुढे दोन संसार चालणार नव्हते, हे घरात सगळ्यांना कळत होतं. बोललं कुणी नव्हतं. जुझेमामा गोऱ्यांच्या मालबोटीवर बटलर होता. त्यानं मला तिथल्या भटारखान्यात चिकटवून दिलं. धक्क्यावर बा मला म्हणाला, "कागद लिव. मास्तर वाचून दाखवंल." मग तो भारे उतरवायला वळला. पाठमोरा बा भारे उतरवतोय आणि नताल माझ्याकडे बघत उभा आहे, हे माझं घरचं शेवटचं चित्र. बाचा चेहरा त्या चित्रात नाही.

तुम्हा चौकच्या लोकांना आणि माझ्यासारखे जे बोटीवर चढले नि कुठे कुठे उतरले त्यांना मी हे लिहितोय, कारण माझ्याबद्दल गावात तीन गोष्टी सांगतात आणि तिन्ही खोट्या आहेत. मी खाणीत नव्हतो. मी फौजेत नव्हतो. आणि मी आगबंबवालाही नव्हतो. मी चेंडू पकडत होतो.

दोन वर्षं मी बोटीवर बटाटे सोलले. मग अमेरिकेच्या एका बंदरात मला निमोनिया झाला. मला इस्पितळात टाकून बोट निघून गेली. बरा झाल्यावर मी सरकारी कचेरीत हजर व्हायचं आणि मायदेशी जाणाऱ्या पुढच्या बोटीत बसायचं, असा नियम होता. पण माझ्या शेजारच्या खाटेवर स्टेफान होता. पोलंडच्या लोकांतला, माझ्याच वयाचा, नदीकाठच्या एका पोलाद गिरणीत काम करणारा. बहिणीकडे आला असताना पाय मोडून पडला होता. तो म्हणाला, "आमच्या गिरणीत माणसं हवीत. चल."

मी त्याला सांगितलं, मी हिंदुस्थानचा. हिंदुस्थानच्या माणसाला तिथे राहायची परवानगी नव्हती; सापडला की परत पाठवत. स्टेफाननं माझ्या इस्पितळाच्या कागदावरचं नाव वाचलं. पास्कू परेरा. "हे तर पोर्तुगीज नाव आहे," तो म्हणाला. "आजपासून तू पोर्तुगालचा."

इतकं सोपं होतं ते. चारशे वर्षांपूर्वी कुणा पाद्र्यानं आमच्या कुणा पूर्वजाला दिलेलं नाव, त्याच्या आडोशाला मी जाऊन बसलो. पोर्तुगाल मी नकाशात सुद्धा नीट पाहिला नव्हता.

स्टेफानच्या घरी त्याची आजी होती. सगळी गल्ली तिला बाबचा म्हणायची, म्हणजे त्यांच्यात आजी. ठेंगणी, डोक्याला रुमाल, पायात नवऱ्याचे जुने बूट. तिनं मला वरून खाली पाहिलं, कोबीचं सार वाढलं आणि वरच्या खोलीत माझी खाट टाकली. पहिल्याच थंडीत मला पुन्हा ताप भरला. तीन दिवस मी शुद्धीत नव्हतो. जागा झालो तेव्हा ती उशाशी बसून मोजे विणत होती. तिनं साराचा वाडगा पुढे केला.

गिरणीचा फुटबॉलचा संघ होता. स्टेफाननं विचारलं, खेळशील का? मी म्हटलं, फुटबॉल? चर्चच्या मैदानावर आम्ही अनवाणी खेळायचो की! रविवारी गेलो तर तिथे सगळं निराळंच. चेंडू गोल नव्हता. सोलायच्या आधीचा नारळ असतो तसा. तो पायानं मारायचा फारसा नव्हताच, कवटाळून पळायचं. आणि पळणाऱ्याला पाडायचं. डोक्याला चामड्याची टोपी, खांद्यावर गाद्या, आणि मग हुतुतूसारखी धरपकड. फक्त हुतुतूत एकावर सात जण पडतात, इथे अकरांवर अकरा. मी हडकुळा. पहिल्या दिवशी मला जो कुणी आपटला, त्यानं मला हात देऊन उभं केलं आणि पुन्हा आपटलं. मी कुंपणाबाहेर जाऊन बसलो.

तेवढ्यात स्टेफाननं लांबून सहज म्हणून चेंडू माझ्याकडे भिरकावला. मी बसल्या जागी झेलला.

त्यानं पुन्हा टाकला, लांब. मी धावत जाऊन झेलला. मग डोक्यावरून, मग पाठीमागून. संघाचा कोच गिरणीतलाच फोरमन होता, मॅक नावाचा जाडा आयरिश माणूस. तो सिगार काढून बघत राहिला. म्हणाला, "हे कुठे शिकलास?"

मी खांदे उडवले. काय सांगणार? आठ वर्षांचा असल्यापासून माझं काम होतं: होडी लागताना कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि बा फेकेल तो ओला दोर लाटेत पडायच्या आत पकडायचा. पहिल्यांदा दोर माझ्या हातांवर आपटून निसटला तेव्हा बा ओरडला होता, "हात कडक करू नको! येनाऱ्याला येऊ दे, मंग धर." वर्षानुवर्षं रोज पहाटे. पण पोर्तुगालच्या माणसानं होडीची गोष्ट सांगितली तर पुढचा प्रश्न येणार, कुठली होडी, कुठलं गाव. म्हणून खांदे उडवायचे.

त्या खेळात सात गडी एका रांगेत उभे राहतात. त्या रांगेच्या टोकाच्या गड्याला एंड म्हणतात. मॅकनं मला टोकाला उभं केलं. इशारा झाला की मी धावायचं, अंगावर येणाऱ्याला हुलकावणी द्यायची आणि मोजून इतकी पावलं गेलं की मान वळवायची. स्टेफाननं चेंडू सोडलेला असायचा. त्या काळी असा झेलाचा डाव फार कुणी खेळत नसे. सगळे रेड्यासारखे टक्कर देत पुढे सरकायचे. आम्ही दोघं वेगळे होतो. चर्चमधली रविवारची मिस्सा संपली की अख्खं गाव मैदानावर. पास्कूचा त्यांनी पास केला. त्यांच्या भाषेत फेकलेल्या चेंडूलाही पासच म्हणतात, त्यामुळे मी मैदानात उतरलो की लोक "पास! पास!" ओरडायचे आणि समोरच्यांना कळायचंच नाही की हाक आहे की डाव.

सुखाची वर्षं होती ती. बोटं मोडली, दोन दात गेले. बर्फात चेंडू लोखंडासारखा लागायचा. बाबचा माझी बोटं गरम मिठाच्या पाण्यात बुडवायची आणि आपल्या भाषेत मॅकला शिव्या द्यायची. मी घरी कागद लिहायचो, गिरणीत आहे, खुशाल आहे, खेळतो पण. एकदा चामड्याची टोपी घातलेला फोटो पाठवला. त्यावरूनच गावानं मला खाणीत नि आगबंबावर घातलं असणार.

मग युद्धात अमेरिका उतरली. स्टेफान फौजेत गेला. धंदेवाईक संघांतले गडी भराभर भरती झाले आणि मोठ्या शहरातल्या एका संघाला माणसं कमी पडली. मॅकनं माझं नाव सुचवलं. गिरणीच्या गावापासून ते शहर आगगाडीनं दोन तासांवर.

पहिल्या दिवशी मी त्या मैदानात उभा राहिलो आणि वर बघितलं तर चारी बाजूंनी माणसांच्या भिंती. चौकची सगळी माणसं, लहानथोर, धरून एका कोपऱ्यातसुद्धा पुरली नसती. पहिला पास माझ्या छातीवर आपटून खाली पडला. दुसरा धरला. पहिला सीझन संपेपर्यंत समोरचे संघ माझ्यावर दोन-दोन माणसं लावू लागले, आणि आमच्या धंद्यात याहून मोठा मान नाही.

मग वर्तमानपत्रवाला आला. त्याला माझी हकीकत हवी होती. घर कुठे, वडील काय करतात. मी काय बोलून गेलो देव जाणे. लिस्बनजवळ डोंगरावर आमचं घर, वडील द्राक्षं पिकवतात, आई दारात बसून लेस विणते. त्यानं सगळं छापलं. वर माझा झेप घेतलेला फोटो. संघातल्या पोरांनी ते भिंतीला लावलं. मी रोज कपडे बदलताना ते वाचायचो. बोंबलाचा वास येणारे माझे आईबाप कुठेच नव्हते त्यात. कुणी पुसले होते? मीच.

तिसऱ्या सीझनच्या मध्यावर मास्तरांचं पत्र आलं. युद्धामुळे टपाल कुठे कुठे फिरून येत होतं. बा गेला होता. पावसाळ्यात ताप आला आणि आठ दिवसांत संपलं. त्याला पाच महिने होऊन गेले होते. पाच महिने मी झेल घेत होतो, हसत होतो, घरच्या पत्रात "बाला सलाम" लिहीत होतो.

माझा चेहरा बघून कप्तानानं विचारलं. रेड नावाचा लाल केसांचा दांडगा माणूस. मी म्हटलं, वडील वारले. त्या रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधी त्यानं सगळ्यांना गोल उभं केलं. सगळ्यांनी टोप्या काढल्या. रेड मान खाली घालून म्हणाला, "आपल्या पासच्या वडिलांसाठी. पोर्तुगालच्या डोंगरावर द्राक्षं पिकवणाऱ्या एका भल्या माणसासाठी." आणि ती राकट माणसं मनापासून प्रार्थना करू लागली.

मी त्या गोलात उभा राहून रडत होतो, आणि प्रार्थना दुसऱ्याच कुणासाठी तरी चालली होती. जगात नसलेल्या माणसासाठी. माझ्या बासाठी त्या मैदानात एक शब्दही नव्हता.

त्या दिवशी मी तीन सोपे झेल सोडले. कुणी रागावलं नाही, याचं आणखी वाईट वाटलं.

सोमवारी सकाळची गाडी पकडून मी बाबचाकडे गेलो. ती बटाटे सोलत होती. मी समोर बसलो आणि माझ्या मोडक्या नि तिच्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. मी पोर्तुगालचा नाही. माझं गाव चौक, उत्तनजवळ, भाईंदरच्या खाली. माझा बा कोळी होता. तो मेला.

तिनं सुरी खाली ठेवली नाही. म्हणाली, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पोर्तुगीज नाहीस ते. पहिल्या थंडीत तीन दिवस तापात बोलत होतास. मी बंदरात राहिलेली बाई. पोर्तुगीज खलाशी पुष्कळ ऐकलेत. ती भाषा नव्हे ती. तापात माणूस खोटं बोलत नाही."

"मग कधी विचारलं का नाहीस?"

"तू नीट जेवत होतास. मला आणखी काय विचारायचं होतं?" मग ती उठली, हात पुसले, आणि बाचं नाव विचारलं. "आगुस्तीन," मी म्हटलं. तिनं मेणबत्ती लावली आणि तिच्या भाषेत प्रार्थना म्हटली. मला त्यातला एकच शब्द कळला, आगुस्तीन. तो तिनं तीनदा घेतला. बा गेल्याचं मला त्या स्वयंपाकघरात कळलं. तोवर नुसतं वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शहरातल्या कोचसमोर उभा राहिलो आणि खरं सांगितलं. त्यानं उठून दार लावून घेतलं. म्हणाला, "सीझन संपेपर्यंत गप्प बस. मग बघू."

"नाही जमणार," मी म्हटलं.

"तुला विचारलंय कुणी? कुणीच विचारलेलं नाही! मग कशाला?"

मी टोपी उचलून निघालो. मी त्या वर्तमानपत्रवाल्याकडे गेलो. त्यानं आतल्या पानावर चार ओळी छापल्या: परेरा हे पोर्तुगालचे नसून हिंदुस्थानचे आहेत, त्यांचे दिवंगत वडील मासेमारी करत. चार ओळी. बा छापून आला. मी तो तुकडा कापून घरी पाठवला.

पुढचं सगळं गोड झालं असं नाही. संघातले काहीजण माझ्या शेजारी बसेनासे झाले. परगावच्या एका हॉटेलात मला खोली मिळाली नाही. रेडनं मात्र एकदा शेजारच्या बाकावर बसून विचारलं, "त्या गावाचं नाव काय म्हणालास?" मी सांगितलं. त्याला काही केल्या जमेना. पण त्यानं चारदा प्रयत्न केला, मी मोजले.

मग सरकारी कचेरीतून बोलावणं आलं. तिथल्या साहेबानं माझी फाईल उघडली आणि कोचचाच प्रश्न विचारला, कुणी विचारलं नव्हतं तर सांगितलंस का? मी म्हटलं, "साहेब, माझ्या बापाची प्रार्थना दुसऱ्याच्या नावावर जमा झाली होती." त्यानं फाईल मिटली. युद्धात माणसं परत पाठवायला बोटी नव्हत्या. मॅकनं गिरणीतल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज आणून दिला. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी फुल्या मारल्या होत्या. दर महिन्याला हजेरी लाव, बाकीचं युद्धानंतर, असं ठरलं.

त्या सीझनच्या अखेरच्या सामन्यात मी उंच उडी घेऊन एक झेल घेतला आणि खाली येताना दोघे माझ्या गुडघ्यावर पडले. चेंडू सुटला नाही. गुडघा मात्र सुटला. संघानं पुढच्या वर्षी बोलावलं नाही. गुडघ्यामुळे की चार ओळींमुळे, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. तीन वर्षं गिरणीसाठी, तीन वर्षं शहरासाठी. माझा खेळ संपला तेव्हा मी तिशीसुद्धा गाठली नव्हती.

युद्ध संपलं. मग कायदा बदलला आणि हिंदुस्थानच्या माणसांना राहायची मुभा मिळाली. माझे कागद झाले. तोवर आपला देशही स्वतंत्र झाला होता. मी घरी आलो.

नताल धक्क्यावर आला होता. माझ्याहून उंच, बाच्याच चालीचा. त्याच्याच होडीतून आम्ही निघालो. वसईच्या बाजूचे डोंगर दिसायला लागले तेव्हा तो म्हणाला, "बा आजारी व्हता तवा मी दोनदा कागद धाडला."

"मला एकच मिळाला. तो गेल्याचा."

"मला वाटलं तू येनार न्हाय म्हनून गप हायस." मग शिडाचा दोर ओढत म्हणाला, "बऱ्याच शिव्या दिल्या तुला. मनातल्या मनात."

"आता मोठ्यानं दे," मी म्हटलं. त्यानं दिल्या. खरंच दिल्या, शीड सोडून, एकामागून एक, आणि शेवटच्या शिवीला त्याचा आवाज फुटला. मग मी शीड सांभाळलं आणि तो बसून राहिला.

आय वाळली होती, पण आवाज तोच. तिनं माझी वाकडी बोटं हातात घेऊन एकेक तपासलं. "गिरनीत झाला काय ह्या?"

"न्हाय आय. खेळात."

"कसला खेळ?"

मी समजावून सांगितलं. मी धावायचो, एकजण चेंडू फेकायचा, मी धरायचो.

"आन मंग?"

"मग लोक मला पाडायचे."

"तुला? कोन पाडायचं?"

"दोघं-तिघं. मोठाली माणसं."

"आन बाकीची?"

"बाकीची बघायची. टाळ्या वाजवायची."

तिनं नतालकडे बघितलं. मग कपाळावर क्रूस काढून म्हणाली, "देवा, त्या लोकांना बुद्दी दे." नताल इतका हसला की त्याला बाहेर जावं लागलं.

तीन महिने राहिलो. पहाटे नतालबरोबर समुद्रावर जायचो. गुडघा पाण्यात दुखायचा. चर्चच्या मागे बाच्या क्रुसाजवळ बसायचो. गाव तेच होतं, आणि गावात माझ्याजोगी जागा नव्हती. हे रागानं नाही सांगत. होडीत नतालचा जोडीदार होता, घरात त्याची बायको-पोरं होती, आयची कामं वाटलेली होती. सगळे मला पाहुण्यासारखं आधी वाढायचे. आयला ते माझ्याआधी कळलं. एक दिवस जाळं दुरुस्त करता करता ती म्हणाली, "तुजं तिकडं कोन हाय?"

मी बाबचाबद्दल सांगितलं. मिठाचं पाणी, मेणबत्ती, सगळं.

"म्हातारी हाय ना?" आय म्हणाली. "मंग हितं काय करतंस?"

मी परत आलो. गिरणीत कारकून आहे. शनिवारी चर्चच्या शाळेतल्या पोरांना झेल शिकवतो. स्टेफान युद्धावरून आला, पण उजवा हात कोपरापासून वळत नाही. आम्ही दोघं कुंपणाला टेकून पोरांवर ओरडतो. आयला दर महिन्याला कागद जातो. आता मास्तरांऐवजी नतालची मुलगी वाचून दाखवते.

बाबचा आता अंथरुणाला खिळली आहे. म्हातारपणात तिचं इंग्रजी पार पुसलं गेलं. फक्त तिची भाषा उरली. मला ती येत नाही. सुरुवातीला मी मान हलवायचो. मग एक दिवस कंटाळून मी तिच्याशी आपल्या चौकच्या बोलीत बोलायला लागलो. ती तिचं सांगते, मी माझं. आज भरती कुठवर आली असेल, कुणाची होडी लागली असेल, गिरणीत कोण कुणाशी भांडलं. ह्या देशात इतकी वर्षं मी हळू आवाजात जगलो. ह्या एका खोलीत मात्र मी आपली भाषा मोठ्यानं बोलतो, आणि कुणी विचारत नाही ही कुठली.

परवा गिरणीतून आलो, बूट काढले आणि तिच्याजवळ बसलो. ती माझा हात धरून काहीतरी लांबलचक विचारत राहिली, दोनदा, तीनदा. मी स्टेफानकडे बघितलं.

"ती विचारतेय," तो म्हणाला, "तू घरी कधी जाणार?"

मी तिच्या कानाशी वाकलो आणि म्हटलं, "आताच आलो ना, आय."

तिला काय समजलं कोण जाणे. तिनं मान डोलावली आणि स्टेफानला हातानं खुणावलं, ह्याला जेवायला वाढ.